भिंती इथे, भाविक तिथे

मुंबईत चर्च पाहायला निघालेला माणूस वांद्र्याला माउंट मेरीच्या पायऱ्या चढतो, नाहीतर बुधवारच्या नोव्हेनाला माहीमच्या रांगेत उभा राहतो. दोन्ही ठिकाणं मोठीच, पण तिथे गर्दी आधी दिसते आणि वास्तू नंतर. या शहरातली कितीतरी देखणी चर्चेस ऑफिसला जाता-येता वाटेत लागतात आणि तरी नजरेतून निसटतात. ती शोधायची एक युक्ती आहे. चर्च दिसलं की ते किती जुनं हे विचारण्याआधी ते कोणी, कोणासाठी बांधलं आणि आज तिथे कोण येतं, हे विचारावं. मुंबईत या दोन उत्तरांचा मेळ क्वचितच बसतो, आणि गोष्ट नेमकी तिथेच असते.

अंधेरीच्या सीप्झमध्ये, निर्यातीचे दागिने आणि सॉफ्टवेअर जिथे तयार होतं त्या कुंपणाच्या आत, एक पडकं चर्च आहे. जेझुइट पाद्र्यांनी 1579 साली कोंडिविटे गावात बांधलेलं हे सेंट जॉन द बॅप्टिस्ट. 1840 च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव उठलं, लोक मरोळला सरकले आणि तिथे त्यांनी नवं चर्च उभारलं. जुन्याचं छप्पर गेलं, दर्शनी भिंत आणि कमानी राहिल्या. पुढे 1973 मध्ये भोवती औद्योगिक वसाहत आली. एरवी आत जायला परवानगी लागते. पण मे महिन्यात एका रविवारी इथे सणाची मिस्सा होते आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं आपल्या पूर्वजांच्या देवळात उघड्या आभाळाखाली जमतात. गाव गेलं, पण गावाचा सण चुकला नाही.

फोर्टात याच्या उलट घडलं आहे. मेडोज स्ट्रीटवरचं सेंट पीटर्स हे आर्मेनियन व्यापाऱ्यांचं चर्च, मूळचं 1796 चं. तेव्हा मुंबईच्या व्यापारात आर्मेनियन लोकांचा दबदबा होता. आजची इमारत 1957 ची, आणि तोवर आर्मेनियन वस्ती जवळजवळ विरली होती. आता इथे केरळच्या सीरियन ऑर्थोडॉक्स परंपरेतली मंडळी उपासनेला येतात. जवळच लायन गेटसमोर 1819 चं सेंट अँड्र्यूज आहे. हे स्कॉटिश लोकांचं चर्च, म्हणून त्याला ‘कर्क’ म्हणतात. याच्या शेजारी एकेकाळी गोल घुमटाचं बर्फघर होतं. बोस्टनहून जहाजाने आलेला बर्फ त्यात साठवला जाई. बर्फघर गेलं, स्कॉट गेले. चर्च मात्र आहे. काळा घोड्याला आलेली तरुण मंडळी त्याच्या समोरून जातात आणि बहुतेकांची मान वर होत नाही.

भायखळ्याला रुळांच्या दोन्ही बाजूंना एकेक चर्च आहे. पूर्वेच्या ग्लोरिया चर्चची उंच गॉथिक इमारत लोकलमधूनही दिसते. हे चर्च मुळात इथलं नव्हेच. पोर्तुगीज काळात, 1632 मध्ये ते माझगावला बांधलं होतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जुनी वास्तू पाडली आणि नाव, परंपरा घेऊन चर्च भायखळ्याला आलं. पश्चिमेला, शाळेच्या आवारात, क्राइस्ट चर्च आहे. भायखळा ही साहेबांच्या बंगल्यांची वस्ती होती तेव्हा, 1830 च्या दशकात ते झालं. आतले खांब चर्चच्या मानाने चांगलेच भारदस्त. टाऊन हॉलसाठी विलायतेहून मागवलेले खांब मापाला मोठे निघाले, त्यातले काही इथे लावले, असं सांगतात. बंगले केव्हाच चाळींमध्ये आणि टॉवरांमध्ये विरघळले.

कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरच्या वाटेवर, अफगाण चर्च आहे. 1858 मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. सुमारे दोनशे फुटी मनोरा 1865 ला पुरा झाला. रंगीत काचा, विलायती फरशा, टोकदार कमानी या साऱ्यांत गॉथिक शैली इथे जितकी नेटकी उतरली तितकी मुंबईत क्वचितच. पण हे चर्च खरं तर एका पराभवाचं स्मारक आहे. सिंधच्या मोहिमेत आणि पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांसाठी ते बांधलं. अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर कोरली आहेत. साध्या शिपायांबद्दल मात्र लेख एवढंच सांगतो की ते इतके होते की नावं लिहिता आली नाहीत. काचा पाहून झाल्या की हा मजकूर जरूर वाचावा. साम्राज्याचा हिशेब त्यात फार प्रामाणिकपणे उतरला आहे.

जुनं ते सुंदर या समजाला दादरचं पोर्तुगीज चर्च उत्तर देतं. बसचा कंडक्टर रोज त्याचं नाव पुकारतो. जागा 1596 पासूनची, इमारत मात्र 1970 च्या दशकात वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी रचलेली. एक मोठं सभागृह बांधण्याऐवजी त्यांनी बाप्तिस्मा, प्रार्थना, वेदी यांसाठी वेगवेगळ्या जागा केल्या आणि त्या अंगणांनी जोडल्या. वर काँक्रीटची निमुळती कवचं आहेत. त्यांच्या माथ्यातून उजेड उतरतो आणि गरम हवा निघून जाते. युरोपातून आलेल्या उपासनेसाठी इथे मुंबईच्या उकाड्याचा विचार करून जागा बांधली गेली. आणि या यादीत भिंती बदलूनही माणसं न हललेलं चर्च ते हेच.

जायचं तर आधी मिस्सेच्या किंवा उपासनेच्या वेळा पाहाव्यात. ती चालू असताना मागच्या बाकावर शांत बसावं, फोटो नंतर काढावेत आणि वेदीजवळ जायचं तर विचारावं. रविवारी उपासना संपल्यावर अंगणात रेंगाळणाऱ्या वयस्कर माणसांशी बोलावं. इमारतीचं साल फलकावर असतं. कोण केव्हा आलं, कोण कुठे गेलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. सुरुवात भायखळ्याने करावी: एका स्टेशनावर दोन चर्चेस, आणि एक पूल ओलांडताना कळतं की या शहरात देवळांनाही बिऱ्हाड बदलावं लागतं.