झाडांचे शत्रू, झाडांचे मित्र

अनेकांच्या अंगणात लिंबू, पेरू, सीताफळ किंवा जास्वंद असते. जागा मोठी असेल तर आंब्याचे झाडही असते. झाड लावणे सोपे असते, पण ते जपणे कठीण असते. एके दिवशी पाने आकसलेली दिसतात, कळ्या गळतात किंवा एखादी फांदी वाळते. मग घरात कोणीतरी म्हणते, "झाडाला कीड लागली. औषध आणून मारा."

पण कीड कोणती? डॉक्टर रोग्याला तपासल्याशिवाय गोळी देत नाहीत. झाडाच्या बाबतीतही आधी तपासणी आणि मग उपाय, हाच क्रम योग्य आहे. कीटक झाडाला कसा खातो हे कळले की उपाय निम्मा सापडतो. काही कीटक पाने कुरतडतात, काही रस शोषतात आणि काही खोडात शिरून आतून पोखरतात.

पाने कुरतडणाऱ्या अळ्या लिंबाच्या झाडावर सहज दिसतात. काळ्या रंगावर पिवळे ठिपके असलेले एक फुलपाखरू लिंबाच्या कोवळ्या पानांवर अंडी घालते. त्यातून निघालेली लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळे पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि पानांत लपून जाते. तिला स्पर्श केला तर डोक्यामागून दोन टोकांचे शिंग बाहेर काढून ती उग्र वास सोडते. घाबरू नका, ती चावत नाही. लहान रोपाची सारी पाने अशा काही अळ्या थोड्याच दिवसांत संपवतात. म्हणून रोज पाने पाहून अळ्या हाताने वेचाव्यात. झाड मोठे असेल तर चार पाने गेल्याने त्याचे काही बिघडत नाही.

रस शोषणारे कीटक आकाराने फार लहान असतात. मावा कोवळ्या शेंड्यांवर गर्दी करून बसतो. पिठ्या ढेकूण तर पीठ किंवा कापूस चिकटल्यासारखा दिसतो. सीताफळ, पेरू आणि जास्वंद यांवर तो नेहमी आढळतो. हे कीटक गोड, चिकट थेंब बाहेर टाकतात. त्या थेंबांवर काजळीसारखी काळी बुरशी वाढते आणि पानांना ऊन मिळेनासे होते. गोडाच्या आशेने मुंग्या येतात व या किडीचे तिच्या शत्रूंपासून रक्षणही करतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंडे आणि पानांची खालची बाजू जरूर पाहावी.

अशा वेळी फार किडलेले शेंडे कापून नष्ट करावेत. बाकीच्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मुंग्यांना अडवण्यासाठी खोडाभोवती प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावावे. ग्रीस थेट सालीला लावू नये. एवढ्याने कीड हटली नाही तर निंबोळी अर्क फवारावा. तो घरी करता येतो. सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांच्या ५० ग्रॅम बिया कुटून फडक्यात बांधाव्यात आणि १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी पुरचुंडी पिळून पाणी गाळावे व त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे. कडक उन्हात अर्काचा गुण लवकर कमी होतो, म्हणून तो त्याच दिवशी संध्याकाळी फवारावा.

तिसरा शत्रू सर्वांत घातक आहे. आंब्याच्या खोडाला भोक दिसले आणि त्यातून लाकडाचा भुसा पडत असेल, तर आत भिरूड नावाची अळी आहे असे समजावे. लांब मिशांचा एक भुंगेरा सालीच्या फटीत अंडी घालतो आणि त्याची पांढरी अळी खोड पोखरत जाते. वरून कितीही औषध फवारले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पाने सुकू लागेपर्यंत आत बरेच नुकसान झालेले असते व वर्षानुवर्षे जपलेले झाड हातचे जाते. टोकाला वाकवलेल्या तारेने अळी बाहेर ओढून काढावी. नंतर भोकात पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा घालून ते ओल्या मातीने बंद करावे. पेट्रोलचे काम मोठ्या माणसांनीच, आगीपासून दूर राहून करावे.

आता झाडांच्या मित्रांकडे वळू. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला छोटा ढालकिडा तुम्ही पाहिला असेल. तो आणि त्याची अळी मावा खातात. या किड्याचा एक भाऊबंद पिठ्या ढेकूण खातो. गंमत म्हणजे त्याची अळी पांढऱ्या मेणाने झाकलेली असते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. शत्रू समजून लोक तिलाच चिरडतात. दोन मिनिटे शांतपणे पाहा. पिठ्या ढेकूण बहुधा एका जागी बसून असतो, तर ही अळी भराभर फिरून त्याला खात असते.

अशा मित्रांची किंमत अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांना चांगली कळली. ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीने तेथील संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त होत होत्या. १८८८ साली अल्बर्ट कोबेले या कीटकतज्ज्ञाला ऑस्ट्रेलियात पाठवण्यात आले. त्याने त्या किडीला खाणारे ढालकिडे पाठवले आणि दोन वर्षांच्या आत बागा पुन्हा सावरल्या. पुढे १९४० नंतरच्या दशकात तेथे डीडीटी फवारले गेले. त्याने ढालकिडे मेले आणि तीच खवले कीड पुन्हा उसळली.

म्हणून विषारी औषध हा अगदी शेवटचा उपाय समजावा. ते कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने मोठ्या माणसांनीच वापरावे. झाड फुलावर असताना फवारणी केली तर मधमाश्या मरतात, आणि मधमाश्या नसतील तर फळेही कमी लागतात. औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. चुकून कोणी ते प्यायले तर जीव जाऊ शकतो.

तुमच्या शाळेच्या आवारातील एक झाड निवडा. दर आठवड्याला त्याचे शेंडे, पानांची खालची बाजू, खोड आणि बुंध्याजवळची जमीन नीट पाहा. जे दिसेल ते तारीख घालून वहीत लिहा आणि त्याचे चित्र काढा. वर्षाच्या शेवटी त्या झाडावर कोण राहतो, कोण त्याला खातो आणि कोण त्याला वाचवतो, हे तुम्ही दुसऱ्यांना सांगू शकाल.