मुक्कामाला राहणारे औषध

सल्फाच्या गोळ्या म्हटल्या की जुन्या मंडळींना आठवते ती रात्रीची झोपमोड. दर चार-सहा तासांनी गोळी घ्यायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायचे. 1935 साली जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्राँटोसिलचा गुण जाहीर केला, तेव्हापासूनची ही पंचाईत. औषध लघवीवाटे भराभर निघून जाई. पुढे सल्फाडॉक्सिन आले आणि ते पाहुण्यासारखे मुक्कामच ठोकून बसले. रक्तातील प्रथिनांना ते घट्ट चिकटते आणि मूत्रपिंडात गाळले गेलेले बरेचसे पुन्हा रक्तात परतते. त्यामुळे ते निम्मे व्हायलाच आठवडाभर लागतो.

त्याचे काम मोठे गमतीचे आहे. जंतूंना आणि हिवतापाच्या परजीवींना फॉलिक आम्ल स्वतः बनवावे लागते. सल्फा त्यांच्या कच्च्या मालासारखे दिसते. खोटे नाणे खपावे तसे ते आत शिरते आणि कारखाना बंद पडतो. आपल्याला फॉलिक आम्ल पालेभाज्यांतून, डाळींतून मिळते, म्हणून आपण बचावतो. पायरीमेथामिन हे दुसरे औषध त्याच कारखान्याची पुढची पायरी अडवते. मारक अशा फाल्सिपारम हिवतापावर ही जोडी वापरात आली. मोठ्या माणसाला तीन गोळ्या, त्याही एकदाच. रानावनातल्या वस्तीवर रोग्याच्या मागे तीन दिवस कोण हिंडणार? आम्हांस वाटते, तिची खरी थोरवी इथे होती.

पण लांबलेला मुक्काम नडतोही. औषध आठवडेच्या आठवडे ओसरत राहते. त्या काळात डास चावून आलेल्या नव्या परजीवींची गाठ पडते ती दुबळ्या मात्रेशी. त्यातले चिवट तेवढे तगतात. थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर हे औषध लवकर निकामी झाले. आपल्याकडे त्याला आर्टेसुनेटची जोड दिली, तरी 2013 साली ईशान्येकडील राज्यांत ते बदलावे लागले. दुसरे भय अंगावर उठण्याचे. क्वचित कातडी सोलवटून जीवावर बेतते, आणि पोटात गेलेले औषध परत काढता येत नाही. अमेरिकी प्रवासी ते दर आठवड्याला प्रतिबंधक म्हणून घेत. त्यांच्यातील काही मृत्यूंनंतर 1985 साली तो सल्ला बदलण्यात आला. सल्फाचे वावडे असेल तर ते वैद्याला आधी सांगावे, ते याचसाठी.

आफ्रिकेत मात्र हाच मुक्काम गर्भवतींच्या उपयोगी पडतो. चौथ्या महिन्यापासून, किमान महिन्याच्या अंतराने, तपासणीच्या वेळी या गोळ्या देतात. फक्त तेव्हा फॉलिक आम्लाची 5 मिलिग्रॅमची मोठी गोळी देत नाहीत, 0.4 मिलिग्रॅमची देतात. नाहीतर परजीवीला तयार माल आपणच पुरवायचे.