जाहिरात निघून गेली, बातमी मागे राहिली

३ फेब्रुवारी २०१३. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, चालू असताना निम्म्या स्टेडियमचे दिवे गेले. खेळ ३४ मिनिटं खोळंबला. त्या रात्री टीव्हीवरच्या तीस सेकंदांसाठी कंपन्यांनी जवळपास ४० लाख डॉलर मोजले होते. ओरिओ बिस्किटांचीही जाहिरात त्यात होती. दुसऱ्या दिवशी गाजलं मात्र त्याच कंपनीचं अंधारातलं ट्वीट: दिवे नसले तरी बिस्किट बुडवून खाता येतंच की! ट्वीट टाकायला पैसे पडले नाहीत, पण ते आपोआपही सुचलं नव्हतं. मजकूर लिहिणारे, चित्र काढणारे आणि मंजुरी देणारे अधिकारी सामना संपेपर्यंत एकाच खोलीत बसून होते. एरवी आठवडे खाणारी मंजुरी काही मिनिटांत मिळाली.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१२मध्ये, मायकल ड्युबिन यांच्या, दाढीची पाती विकणाऱ्या ‘डॉलर शेव्ह क्लब’ने साडेचार हजार डॉलरमध्ये केलेला विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. दोन दिवसांत १२ हजार ग्राहक मिळाले. २०१६मध्ये युनिलिव्हरने ही कंपनी विकत घेतली. किंमत सुमारे १ अब्ज डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. दाढीच्या पात्यांच्या बाजारात शिरायला आता टीव्ही वाहिनीचा उंबरठा झिजवावा लागत नव्हता.

या सोयीची किंमत मोजली वृत्तपत्रांनी.

मराठी वाचकाला त्यामागचं गणित ठाऊक आहे. दिवाळी अंकाचा डोलारासुद्धा जाहिरातींच्या पानांवरच उभा असतो. अमेरिकेत नोकरी, भाड्याचं घर, जुनी गाडी यांच्या छोट्या जाहिराती वृत्तपत्रांना पोसत होत्या. त्यांना पहिली गळती लावली ती १९९५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या क्रेग्जलिस्टने. पुढे फेसबुक आणि गुगलने मोठ्या जाहिरातीही ओढून नेल्या. वृत्तपत्राला फार तर खप सांगता येई. फेसबुक गिऱ्हाइकाचं वय, गाव आणि आवडीनिवडी हेरून नेमक्या माणसापुढे जाहिरात ठेवू लागलं. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार अमेरिकी वृत्तपत्रांचं जाहिरात उत्पन्न २००५मध्ये ४९ अब्ज डॉलर होतं. २०२०मध्ये ते ९ अब्जांच्याही खाली आलं. २००८ ते २०२० या काळात वृत्तपत्रांतली संपादकीय माणसं ७१ हजारांवरून ३१ हजारांवर आली.

ज्याने पैसे नेले त्याच्याच अंगणात दुकान मांडावं, असं मग अनेक माध्यमसंस्थांना वाटलं. फेसबुकवर व्हिडिओला भाव आहे म्हणताच लिहिणाऱ्यांना घरी पाठवून व्हिडिओ करणारे नेमले गेले. सप्टेंबर २०१६मध्ये फेसबुकने कबूल केलं, की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचे आकडे दोन वर्षं फुगलेले होते. जानेवारी २०१८मध्ये फेसबुकने बातम्यांपेक्षा आप्तमित्रांच्या पोस्टना वर आणलं. समाजमाध्यमांवरच्या वाचकांच्या जिवावर वाढलेल्या ‘बझफीड’ या संकेतस्थळाचा बातमी विभाग २०२१मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळवूनही २०२३मध्ये बंद झाला.

आज जाहिरातदार समाजमाध्यमांवरच्या ओळखीच्या चेहऱ्यांनाही, म्हणजे इन्फ्लुएन्सरनाही, पैसे देतो. इन्फ्लुएन्सरने पैसे घेतले असतील तर ते स्पष्ट सांगावं, असं अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाची नियमावली म्हणते. हे चेहरे बातम्याही सांगतात. प्यूच्या २०२४च्या पाहणीत तिशीच्या आतल्या ३७ टक्के अमेरिकनांनी आपण अशांकडून नियमित बातम्या घेत असल्याचं सांगितलं. प्यूने तपासलेल्या अशा ५०० जणांपैकी ७७ टक्क्यांचा कोणत्याही वृत्तसंस्थेशी कधी संबंध आला नव्हता. त्यांतले काही विषयाचे जाणकार असतीलही. पण गावच्या शाळा मंडळाच्या बैठकीला तासन्‌तास बसून टिपणं काढणारा पगारी बातमीदार यातून उभा राहत नाही.

२०२०मध्ये वृत्तपत्रांना वाचकांकडून मिळालेला पैसा प्यूच्या नोंदींत पहिल्यांदाच जाहिरातींपेक्षा जास्त भरला. १८७१पासूनच्या ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ने वेगळी वाट धरली. मालक पॉल हंट्समन यांनी मालकी सोडली आणि २०१९मध्ये पत्राला विनानफा संस्थेचा दर्जा मिळाला. त्यामुळे त्याला देणग्याही घेता येऊ लागल्या. रोजचा छापील अंक मात्र २०२०च्या अखेरीस थांबला. एका राज्याच्या राजधानीतल्या पत्राला हे जमलं. देशभरात २००५पासून एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रं बंद पडली. त्यांत बहुतेक लहान गावांची साप्ताहिकं होती.