काळी पट्टी वास घेत नाही

रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावांत उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढायला माणसं खाली उतरतात. आधी दोराला कंदील बांधून सोडायचा, तो विझला नाही तर हवा चांगली, असा जुना समज आहे. धान्याच्या पेवात उतरतानाही हीच रीत होती. ती अर्धवट आहे आणि म्हणून घातक आहे. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो आणि 19.5 टक्क्यांखाली तो माणसाला अपुरा धरतात. ज्योत मात्र 16-17 टक्क्यांपर्यंत तग धरते. विहिरीत उतरवलेल्या डिझेल इंजिनातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड तिला कळतच नाही, आणि मिथेन साचला असेल तर त्याच कंदिलाने भडका उडतो.

‘वास येईलच की,’ असंही म्हणतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे 100 भाग झाले की काही मिनिटांतच नाक बधिर होतं.

म्हणूनच प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर कार्बनची शाई छापून केलेल्या लवचीक वायुसेन्सरचं कौतुक वाटतं. पण त्याच्याबद्दलही गैरसमज पसरू लागले आहेत.

ही शाई म्हणजे नुसती कोळशाची पूड नव्हे. ग्राफाइट, कार्बन ब्लॅक, नॅनोनलिका किंवा ग्राफीन यांतलं काही, त्याला धरून ठेवणारं रेझिन आणि द्रावक असं ते मिश्रण असतं. लग्नपत्रिका छापतात त्याच स्क्रीन प्रिंटिंगने ते छापता येतं. रक्तातली साखर तपासण्याच्या अनेक पट्ट्यांवरचे इलेक्ट्रोडही असेच छापील कार्बनचे असतात. कार्बनच्या शाईचा विद्युतरोध चांदीच्या शाईपेक्षा शेकडो पटींनी जास्त असतो, म्हणून जोडतारा बहुधा चांदीच्या छापतात आणि वायूला सामोरा जाणारा भाग कार्बनचा.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ही सेन्सरची काळी पट्टी वायू ‘ओळखते’. तिच्यात बदलतो तो फक्त विद्युतरोध. 2000 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की नायट्रोजन डायऑक्साइड नॅनोनलिकेतून इलेक्ट्रॉन खेचतो आणि रोध उतरतो. अमोनियाने उलट होऊन तो चढतो. टिन ऑक्साइडच्या सेन्सरला शेकडो अंश तापवावं लागतं, हे मात्र खोलीच्या तापमानाला घडलं. शोध मोठाच होता. पण दमट हवा, ऊन आणि पट्टीला पडलेला बाकही रोध बदलतात, आणि विहिरीत दमटपणा तर असणारच. त्यातून वायू निघून गेल्यावर पट्टी मूळपदावर यायला कधीकधी काही तास लागतात. नुसत्या कार्बनला कार्बन डायऑक्साइडचं फारसं काही जाणवत नाही, आणि ऑक्सिजन किती उरला हेही तो भरवशाने सांगू शकत नाही. विहिरीत आणि पेवात जीव जातात ते मुख्यतः याच दोन कारणांनी. अशा पट्टीच्या भरवशावर कुणाला खाली उतरवणं मला मान्य नाही.

‘लवचीक म्हणजे कशीही घडी घालावी’ हेही खरं नाही. ठरावीक गोलाईपेक्षा जास्त वाकवली की थराला बारीक तडे जातात. छपाई स्वस्त असते. खर्च असतो तो प्रत्येक खेपेची माहीत असलेल्या प्रमाणातल्या वायूशी पडताळणी करण्यात आणि आकडा वाचणाऱ्या यंत्रात.

कोंबड्यांच्या शेडमधला अमोनिया वाढतोय का, हे पाहायला अशा पट्ट्या चांगल्या कामी येऊ शकतात. विहिरीसाठी ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारा चार वायूंचा मीटर लागतो. कार्बन डायऑक्साइडसाठी अवरक्त किरणांवर चालणारा सेन्सर वेगळा. मीटर दोराने सोडून वर, मध्ये आणि तळाशी असा तीनदा आकडा घ्यायचा, ब्लोअरचा पाइप तळापर्यंत नेऊन हवा खेळवायची आणि पुन्हा मोजायचं. उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर वरच्यांच्या हाती हवा, आणि उतरलेला माणूस खाली कोसळला तर त्याला दोरानेच ओढायचं, मागोमाग कुणी उतरायचं नाही.