कुठं माशी शिंकली?

ठरलेलं लग्न मोडतं, मंजूर झालेलं कर्ज अडतं, सोसायटीच्या पुनर्विकासाची फाईल शेवटच्या सहीपाशी येऊन थांबते. अशा वेळी मराठी माणूस एकच प्रश्न विचारतो, ‘कुठं माशी शिंकली?’

आता खरं म्हणजे माशी शिंकत नाही. शिंकायला तिला आपल्यासारखं नाक नाही, फुप्फुसं नाहीत. तिच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात, त्यांतून हवा आतबाहेर होते. चव ती पायांनी घेते, म्हणून भाकरीवर बसली की आधी चार पावलं चालून बघते. अशा जिवावर आपण शिंकेचा आळ घेतला!

माझा तर्क असा. निघताना कोणी शिंकलं की अपशकुन, ही आपल्याकडची जुनी समजूत. काम फिसकटलं, पण घरात शिंकलं तर कोणीच नव्हतं. मग उरलं कोण? गंमत म्हणजे आमच्या घरी शिंकेचा अर्थ उलटा. शिंकणारा ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणून देवाचे आभार मानतो आणि ऐकणारा त्याला दुआ देतो. तरीही सातारा जिल्ह्यातली, घरात दखनी बोलणारी माझी आई काही बिनसलं की म्हणायची, ‘किदर माशी शिंकी की!’ एरवी तिच्या तोंडी ‘मक्खी’ असे. चहात पडायची ती मक्खी, गुळावर बसायची ती मक्खी. शिंकायची मात्र माशीच.

दोन्ही शब्द संस्कृत ‘मक्षिका’चेच. त्यातल्या ‘क्ष’चा हिंदीकडं जाताना ‘ख’ झाला आणि मराठीकडं येताना ‘श’ किंवा ‘स’. क्षेत्राचं तिकडं खेत, इकडं शेत. कुक्षीची तिकडं कोख, इकडं कूस. मुलुंड-घाटकोपरचे गुजराती शेजारी तिला ‘माखी’ म्हणतात, गोव्याच्या कोंकणीत ती ‘मूस’ होते. अंधेरीला आमच्या एका नातेवाइकांच्या शेजारी बंगाली कुटुंब होतं. त्यांचा लहान मुलगा ‘माशी, माशी’ करत पळत आला की आमच्या घरातल्या बायका आधी ताटावर झाकण ठेवायच्या. बंगालीत माशी म्हणजे मावशी, हे कळायला आठवडा गेला.

मराठीत माशी आणखीही कामं करते. गिऱ्हाईक नसलेला दुकानदार माशा मारत बसतो. तोऱ्यातला माणूस नाकावर माशी बसू देत नाही. बी. ए. होऊन मी एका कचेरीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ची गोष्ट सांगितली. मूळ कागदावर एक माशी चिरडून चिकटलेली होती, म्हणून नक्कल करणाऱ्यानं दुसरी माशी मारून बरोबर त्याच जागी चिकटवली. मी हसलो. नंतर तशी नक्कल मी अनेक वर्षं केली, ते सोडा.

हिंदी-उर्दूतली मक्खी जास्त सोसते. तुपात पडलेल्या माशीलाही चोखून घेणारा कंजूष तो मक्खीचूस. जाणूनबुजून अन्याय गिळायचा, तर ते जिवंत मक्खी गिळणं. नको झालेल्या माणसाला दुधातल्या मक्खीसारखं काढून टाकतात. म्हणजे तिथं माणसाचीच माशी होते. मराठीत तसं नाही. माणूस माणूसच राहतो, माशी फक्त दोष आपल्या अंगावर घेते.

हा फरक मला 1999 साली घाटकोपर पूर्वेला नीट कळला. लग्न नुकतंच झालं होतं आणि भाड्यानं वन रूम किचन हवं होतं. एजंटशी सगळं बोलणं फोनवर. माझं मराठी ऐकून त्यानं आडनाव विचारलंच नाही. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, पाचशे रुपये टोकन दिलं. पाणी सकाळी किती वाजता येतं, हेसुद्धा बायकोनं विचारून घेतलं. तिसऱ्या दिवशी कागदपत्रांसाठी रेशनकार्डाची झेरॉक्स दिली.

संध्याकाळी तो स्वतः आला. दारातच उभा राहिला, बूट काढेना. ‘काय सांगू साहेब, सगळं जमलं होतं. कुठं माशी शिंकली कळत नाही.’

त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं. माणूस वाईट नव्हता, टोकनचे पाचशे त्यानं न मागता परत केले. त्याचा चेहरा बघून मीच ‘चालायचंच’ म्हणालो. तो गेल्यावर त्याचं वाक्य मी मनात पुन्हा म्हणून बघितलं. त्यात सोसायटी नव्हती, घरमालक नव्हता, झेरॉक्सवरचं नावही नव्हतं. एक माशी होती आणि तिनं शिंकून सगळ्यांची सुटका केली होती, माझीसुद्धा. हिंदीत बोलला असता तर दुधातली मक्खी मीच ठरलो असतो. त्यामुळं या वाक्प्रचारावर मला धड रागावताही येत नाही आणि त्याच्यावर प्रेम करायचं म्हटलं तर तो दारातला माणूस आठवतो.

शेवटी खोली मिळाली गोवंडीत. जवळच देवनारचं डम्पिंग ग्राउंड, 1927 पासूनचं. आईही आमच्याकडं राहायला आली. पहिला पाऊस पडला आणि माशा म्हणजे काय ते समजलं. उबदार, ओल्या कचऱ्यात अंड्यापासून उडती माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. जेवताना एक हात घास घ्यायला आणि एक वारायला. आईनं पदरानं ताट झाकलं आणि म्हणाली, ‘हितं की मक्ख्या शिंकती नई बाबा, सीदी खाती.’ खऱ्याखुऱ्या होत्या, म्हणून मक्ख्या.

2023 मध्ये माझी मुलगी मुलुंडला भाड्यानं घर शोधत होती. ऑफिस तिकडंच. आता फोटो, भाडं, सगळं मोबाईलवरच येतं. ती एजंटला मेसेज करताना पहिल्याच ओळीत स्वतःचं पूर्ण नाव, आडनावासकट लिहायची. ‘घर आवडलं’ हे त्यानंतर. मी म्हटलं, अगं, आधी घर तरी बघून घे. म्हणाली, ‘नको अब्बा, आधीच सांगून टाकते. त्या माशीला उगाच कशाला त्रास?’

तीन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. चौथ्याला मिळालं.