डोंगरी सायकल आणि चिखलांतील शर्यत

अलीकडे आपल्यांतील पुष्कळ घरांच्या जिन्याखालीं जाड टायरांची, अनेक गिअरांची एक डोंगरी सायकल उभी असलेली आढळते. मुलगा किंवा मुलगी दहावीस चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली म्हणून ती हौसेनें घेतलेली असते. वर्ष-दोन वर्षें ती फिरते, आणि पुढें अभ्यासाच्या रगाड्यांत तिच्यावर धूळ सांचूं लागते. अशा सायकलीस पुन्हां कामास लावणारा एक खेळ युरोपांत शंभराहून अधिक वर्षें चालत आला आहे. त्याचें नांव सायक्लोक्रॉस. त्याची थोडी माहिती आणि त्यासाठीं घरच्या सायकलींत करावयाचे फेरफार येथें सांगण्याचें योजिलें आहे. गगनबावड्यास राहणाऱ्या माणसास हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, जांभ्याची तांबडी माती, निसरडे चढ आणि भाताच्या खाचरांचे बांध हें सर्व आमच्या दारांतच आहे. आणि या खेळाची सामग्री ती हीच.

फ्रान्सांत या शतकापूर्वींच्या शतकाच्या आरंभीं सायकलस्वार थंडीच्या दिवसांत शरीर सुटूं नये म्हणून शेतांतून, कुंपणांवरून, ओढ्यांतून सायकली हांकीत. जेथें चाक चालेना तेथें ती खांद्यावर घेऊन धांवत. या खेळाची पहिली फ्रेंच राष्ट्रीय शर्यत १९०२ सालीं झाली, आणि तिचें श्रेय दानिएल गुसो या गृहस्थास दिलें जातें. ऑक्ताव्ह लापीझ यानें १९१० ची तूर द फ्रान्स ही महाशर्यत जिंकली, तेव्हां आपल्या यशाचा कांहीं वांटा त्यानें या हिवाळी अभ्यासास दिला, आणि खेळाचा बोलबाला झाला. पहिली जागतिक अजिंक्यपदाची शर्यत १९५० सालीं पॅरिस येथें होऊन झां रोबिक हा जिंकला. पुढें बेल्जियम देशानें तर हा आपला घरचाच खेळ करून टाकिला. तेथील एरिक द व्हलामिंक यानें १९६६ ते १९७३ या काळांत सात वेळां जागतिक अजिंक्यपद मिळविलें.

शर्यतीचें स्वरूप असें. अडीच ते साडेतीन किलोमीटरांचा एक वळसा आंखलेला असतो आणि त्याच्या फेऱ्या माराव्या लागतात. प्रौढ पुरुषांची वरच्या दर्जाची शर्यत सुमारें एक तास चालते. नवशिक्यांची त्याहून कमी. वाटेंत गवत, चिखल, वाळू, उभा चढ आणि मुद्दाम ठेविलेल्या आडव्या फळ्या येतात. या फळ्या ४० सेंटिमीटरांहून उंच नसतात. स्वारानें चालत्या सायकलीवरून उतरावें, ती उचलून फळ्या ओलांडाव्या आणि पुन्हां धांवतांनाच बैठक घ्यावी. म्हणजे हा खेळ जितका चाकांचा तितकाच पायांचा आहे.

आमच्या घरीं हा विषय निघाला तो नातीमुळें. ती कोल्हापुरास महाविद्यालयांत शिकते आणि पुढील शिक्षणासाठीं इंग्लंडास जाण्याच्या तयारींत आहे. तेथील प्रांतिक मंडळांच्या शर्यतींत नवशिक्यांस डोंगरी सायकल घेऊन उतरतां येतें, हें तिला कळलें, आणि ती म्हणाली, "आजोबा, मला ही शर्यत एकदां तरी करून पाहावयाची आहे. जाण्यापूर्वीं येथेंच सराव करते." घरांत तीन आक्षेप निघाले. तिच्या वडिलांस खर्चाची धास्ती. कारण या खेळाची खास परदेशी सायकल घ्यावयाची तर किंमत लाखाच्या घरांत जाते. तिच्या आजीस हातपाय मोडण्याची भीति. आणि तिच्या मोठ्या काकूंस वाटे, मुलीनें सायकल खांद्यावर टाकून चिखलांत धांवावें हें शोभतें काय?

यांपैकीं पहिल्याचें उत्तर असें कीं, नवी सायकल लागतच नाहीं. जुनीच सुधारावी. आम्हां व्याकरण शिकलेल्या लोकांस शब्दसिद्धीच्या तीन क्रिया ठाऊक असतात: लोप, आदेश आणि आगम, म्हणजे काढून टाकणें, एकाच्या जागीं दुसरें घालणें, आणि नवें जोडणें. सायकलीचें कार्यहि याच क्रमानें करावें.

प्रथम लोप, कारण त्यास पैसा लागत नाहीं. स्टँड, मडगार्ड, टोपली, घंटा, पाण्याच्या बाटलीचा पिंजरा आणि हँडलाच्या टोंकांस बसविलेलीं शिंगें काढावीं. मडगार्ड काढलेलें पाहून वडील मंडळी नवल करतील, पण त्याच्या व टायराच्या मधें चिखल ठासून चाक अडतें. पिंजरा काढल्यानें सांगाड्याच्या त्रिकोणांत खांदा नीट शिरतो. शिंगें शर्यतींत दुसऱ्यास लागण्याचें भय असतें, म्हणून तीं चालत नाहींत.

नंतर आदेश, आणि त्यांत मुख्य टायर. डोंगरी सायकलीचे टायर पन्नास मिलिमीटरांहून रुंद असतात. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शर्यतींत ३३ मिलिमीटरांहून रुंद टायर चालत नाहीं. नवशिक्यांच्या शर्यतींत इतकी कडक मर्यादा बहुधा नसते, तरी अरुंद टायर हलका असतो आणि त्याच्या बाजूस चिखल पडावयास जागा राहते. मात्र खरेदीपूर्वीं जुन्या टायराच्या बाजूवरील आंकडा वाचावा. शेवटीं ६२२ असेल तर तें चाक एकोणतीस इंची. खास शर्यतीच्या सायकलीचें चाकहि त्याच मापाचें, म्हणून तिचे टायर त्यावर बसतात, रिम मात्र फार रुंद नसावी. ५५९ असेल तर चाक सव्वीस इंची. त्याच मापाचा थोडा अरुंद, खडबडीत टायर घ्यावा. फार अरुंद घेतल्यास सायकल खालीं बसते आणि पेडल जमिनीस घासतें. हवा बेताची असावी. ट्यूब असलेल्या टायरांत हलक्या स्वारास तीस ते पस्तीस पौंडांपासून आरंभ करून अनुभवानें ठरवावें. फार कमी केल्यास दगडावर ट्यूब रिमेखालीं चिरडते.

पुढचा स्प्रिंगचा फोर्क या शर्यतींत भारभूतच. त्यास कुलूप घालण्याची खुंटी असेल तर ती घालावी आणि समाधान मानावें. बदलावयाचाच तर नवा सरळ फोर्क जुन्याइतक्याच उंचीचा असावा. नाहींतर सायकल पुढें झुकते आणि उतारावर हुलकावणी देते. चेन झिजली असेल तर ती बदलावी. पुढचीं तीन चेनव्हीलें असलीं तर मधलें वापरावें.

शेवटीं आगम: डोक्यास हेल्मेट आणि ब्रेकांस नवे पॅड. आमच्या तांबड्या चिखलांत बारीक खडा असतो. तो ब्रेकांचे पॅड कानशीप्रमाणें खातो. डिस्क ब्रेक असल्यास धातुमिश्रित पॅड अशा ओल्या मातींत अधिक टिकतात. हा एवढा खर्च कधीं टाळूं नये. हें सर्व मिळून खर्च नव्या सायकलीच्या किंमतीच्या जवळपासहि जात नाहीं, हें पाहून आमच्या चिरंजीवांचा आक्षेप मिटला.

सायकलीवरून उतरावें तें नेहमीं डाव्या बाजूस, कारण चेन व दांत्यांचें चक्र उजवीकडे असतें; उचलावी ती उजव्या खांद्यावर. गेल्या मार्गशीर्षांत भात निघाल्यावर आमच्या स्वतःच्या खाचरांत दोन फळ्या चार मीटरांच्या अंतरानें मांडल्या. दुसऱ्याच्या बांधांवर चाक घालूं नये, हें नातीस आधींच बजाविलें होतें. शेतकऱ्याचा बांध म्हणजे त्याचें वर्षाचें पोट. पहिल्या दिवशीं फेरीचा निम्मा भाग ती चालतच गेली, दोनदां पडली आणि उठली. आजी ओसरीवरून पाहत होती. पडणें मऊ मातींत आणि संथ वेगानें होतें, हें तिनें स्वतः पाहिलें. पडून खांद्याचें हाड मोडतच नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्या करूळच्या वा भुईबावड्याच्या घाटांतून मालाचे ट्रक उतरतात, तेथें मुलें सायकली सोडतात त्याहून हें शतपटीनें निर्धोक आहे. घाटांत सराव करूं द्यावयाचा नाहीं, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो सर्वांनीं करावा.

राहिला शोभेचा प्रश्न. पुरुषांस जागतिक अजिंक्यपद १९५० सालीं मिळूं लागलें. स्त्रियांसाठीं तशी शर्यत पहिल्यानें भरली ती २००० सालीं, आणि जर्मनीची हांका कुप्फरनागेल ती जिंकली. पन्नास वर्षें त्या देशांतील शहाण्या लोकांसहि वाटत होतें कीं, हें बायकांचें काम नव्हे. पुढें हॉलंडच्या मारियाने फोस हिनें तें अजिंक्यपद आठ वेळां मिळविलें. मी हें मोठ्या सूनबाईंस सांगितलें. त्या म्हणाल्या, "मामंजी, पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन हा चढ आमच्या आयांनीं पावसाळ्यांतहि चढलाच ना! मग सायकलीनें काय बिघडतें?" हें उत्तर माझ्या सनावळीपेक्षां सरस होतें.

नात तिकडे गेल्यावर शर्यतींत कितवी येईल तें मला ठाऊक नाहीं. बहुधा शेवटच्यांतच येईल. परदेशीं एकट्या राहणाऱ्या मुलीस पडून उठण्याचा, स्वतःची चेन बसविण्याचा आणि थकल्यावरहि फेरी पुरी करण्याचा अभ्यास असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. ज्यांच्या जिन्याखालीं अशी सायकल धूळ खात असेल, त्यांनीं येत्या सुटींत ती बाहेर काढावी, टायरावरील आंकडा वाचावा, आणि मुलांच्या हातीं पाना द्यावा.