नळी एवढीशीच का?



आपल्या मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांत, पर्यटक पाण्यावर पालथे तरंगताना तुम्ही पाहिले असतील. डोळ्यांवर काच, तोंडात वाकडी नळी, आणि काहींच्या पायांत बदकासारखे रबरी पंजे. याला स्नॉर्कलिंग म्हणतात. ही साधने कुठून आली असे मी एका होडीवाल्या काकांना विचारले. ते म्हणाले, "दुकानातून!" म्हणून हा लेख.

दुसरेही एक कारण आहे. आमच्या वाडीतल्या काही मुलांनी मे महिन्याच्या सुट्टीसाठी बेत केला आहे. नळीला आणखी नळी जोडून ती दोन मीटर लांब करायची, म्हणजे तळाशी बसून आरामात खेकडे बघता येतील! माझा धाकटा भाऊसुद्धा मला विचारत होता, "मगे ती नळी लांब कित्याक करनत नाय?" प्रश्न चांगला आहे. या सर्वांनी लेख अर्धा सोडू नये.

आधी डोळ्यांचे बघू. पाण्यात डोळे उघडले की सगळे धूसर का दिसते? आपल्या डोळ्याच्या पुढचे पारपटल बाहेरून येणारे किरण वाकवते, म्हणून आत नीट चित्र उमटते. पण पाणी आणि पारपटल यांत फारसा फरक नसल्यामुळे पाण्यात किरण पुरेसे वाकतच नाहीत. डोळ्यापुढे थोडी हवा ठेवली की काम झाले. काच ती हवा धरून ठेवते, एवढेच तिचे काम.

जपानमध्ये 'आमा' नावाच्या बायका समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले आणि शेवाळ काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या पाण्यातले चष्मे वापरू लागल्या. पण ते पोटासाठी. गंमत म्हणून पाण्यात बघण्याचे वेड खरे वाढले ते १९३० नंतर, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर. तिथे गाय गिलपॅट्रिक नावाचा एक अमेरिकन लेखक राहत असे. तो पूर्वी वैमानिक होता. त्याने विमान चालवताना घालायचा जुना चष्मा घेतला, त्याची भोके लांबीने (खिडकीची काच बसवायला सुतार वापरतात तीच लांबी!) बुजवली, वरून रंग दिला आणि भाला घेऊन मासे मारायला पाण्यात शिरला. १९३८ साली त्याने या छंदावर पुस्तकच लिहिले. मला हा माणूस फार आवडला. नवे काही विकत न आणता त्याने काम भागवले.

त्याच किनाऱ्यावर, तुलाँ शहराजवळ, १९३६ साली फ्रेंच आरमारातल्या झाक कुस्तो या तरुण अधिकाऱ्याने असाच एक चष्मा लावून पाण्यात डोके घातले. मोटार अपघातात त्याचे हात जायबंदी झाले होते, ते बरे व्हावेत म्हणून तो पोहत असे. डोके वर काढले की रस्ता आणि ट्राम, खाली घातले की मासे आणि वनस्पती. त्या दिवसापासून त्याचे सारे आयुष्यच समुद्राकडे वळले.

या चष्म्यांत एक खोड मात्र होती. खोल गेले की पाणी बाहेरून दाबते, पण चष्म्यातली हवा तेवढीच राहते. मग चष्मा डोळ्यांना ओढून धरतो. डोळे दुखतात, लाल होतात. आमा बायकांनी यावर चष्म्याच्या बाजूला हवेच्या छोट्या पिशव्या लावून पाहिल्या. पिशवी दाबली गेली की तिच्यातली हवा चष्म्यात येई. पण सोपा उपाय आपल्याच चेहऱ्यावर होता. १९३८ च्या सुमारास फ्रान्समध्ये मॅक्सिम फोर्जो याने डोळे आणि नाक दोन्ही झाकणारा एकाच काचेचा मास्क तयार केला. आता नाकातून थोडी हवा सोडली की दाब सारखा! आज मालवणात मिळतो त्या मास्कमध्ये नाक आत का असते, हे आता कळले ना?

पंज्यांची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन (विजेचा पतंग उडवणारा) लहानपणी बोस्टनला राहत असताना लाकडाच्या दोन फळ्या करून हातांत धरून पोहत असे. प्रत्येक फळी सुमारे १० इंच लांब, ६ इंच रुंद, अंगठ्यासाठी भोक. वेग वाढला, पण मनगटे भरून येत. रबरी पंजे लुई द कोर्लिए या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याने काढले. १९१४ साली त्याने ते पहिल्यांदा दाखवले, आणि पेटंट मिळाले १९३३ साली. मधली १९ वर्षे तो त्यात सुधारणा करत राहिला. पुढे ओवेन चर्चिल या अमेरिकन माणसाने त्याच्याकडून परवानगी घेऊन १९४० मध्ये अमेरिकेत पंजे विकायला काढले. हा चर्चिल १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेला होता. पहिल्या वर्षी त्याच्या हजार जोड्यासुद्धा खपल्या नाहीत. मग महायुद्धात पाणबुड्या सैनिकांसाठी त्याच पंज्यांना मोठी मागणी आली.

आता नळी. ही कल्पना सगळ्यांत जुनी! हत्ती सोंड पाण्यावर धरून श्वास घेतो तशी साधने पाणबुडे वापरतात, असे ग्रीसच्या ॲरिस्टॉटलने सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. नाव मात्र नवे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांना हवा घेण्यासाठी उंच नळी बसवली होती. मूळ युक्ती डच आरमाराची. जर्मनांनी तिला 'श्नॉर्केल' म्हटले. हा शब्द तिकडच्या बोलीत नाकासाठी वापरत. युद्ध संपल्यावर पोहणाऱ्यांच्या नळीलाही तेच नाव चिकटले.

बघा, काच बदलली, पंजे बदलले, पण नळी राहिली सुमारे ४० सेंटीमीटरच. का?

पहिले कारण गणिताचे. नळीची त्रिज्या १ सें.मी. धरा. २२/७ × १ × १ × ४० म्हणजे सुमारे १२६ घन सें.मी. आपण श्वास सोडतो तेव्हा एवढी वापरलेली हवा नळीतच राहते, आणि पुढच्या श्वासाला तीच आधी आत येते. मोठा माणूस साध्या श्वासात सुमारे ५०० घन सें.मी. हवा घेतो, मुले त्याहून कमी. म्हणून ४० सें.मी. चालते. आता तीच नळी २०० सें.मी. करा. उत्तर ६२८ च्या वर येते! म्हणजे ताजी हवा पोचायच्या आधीच श्वास संपला. आपलीच वापरलेली हवा आपण परत परत घेत बसणार. मग गुंगी येते.

दुसरे कारण त्याहून वाईट. १ मीटर खोलीवर पाणी प्रत्येक चौरस सेंटीमीटरला १०० ग्रॅमने दाबते. छातीची पुढची बाजू ३० सें.मी. लांब, २० सें.मी. रुंद धरली तर ६०० चौ.सें.मी., म्हणजे ६० किलो! माझे वजन ३४ किलो आहे. दोन मीटरवर १२० किलो. एवढे ओझे उचलून छाती फुगवायची कशी?

कोणी म्हणेल, आमचे बाबा तर श्वास रोखून याहून खोल बुडी मारतात, त्यांना काही होत नाही. बरोबर. त्यांच्या छातीत हवा कोंडलेली असते. ती दाबली जाते आणि तेवढ्याच जोराने उलट दाबते. पण तोंडात नळी असली की आतली हवा थेट वरच्या हवेला जोडलेली. ती उलट दाबत नाही, वर निघून जाते.

खोल राहून श्वास घ्यायचा तर हवाही तेवढ्याच दाबाची हवी. तशी हवा टाकीतून देणारे यंत्र कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी १९४३ मध्ये केले. पण ते स्कूबा, आणि त्याला रीतसर शिक्षण लागते.

या कागदाखाली बाकावर पाण्याची बादली आणि प्लॅस्टिकची पिशवी ठेवली आहे. पिशवीत हात घाला, तोंड वर ठेवून हळूहळू पाण्यात बुडवा. पिशवी बोटांना कशी घट्ट चिकटते बघा. बादली फक्त एक वीत खोल आहे.

— इयत्ता ७ वी